पेटीतला अधिक महिना

"उद्यापासून मला हाक मारू नकोस, उत्तरा. मारलीस तरी मी ओ देणार न्हाई. आणि ‘आत्या, बरं आहे ना, आत्या, काही हवंय का’ करत मागं मागं फिरायचं न्हाई. हवं ते मी बोटानं दाखवीन."

अधिक श्रावण लागायच्या आदल्या संध्याकाळी आत्या एवढं बोलल्या आणि आपल्याच बोलण्यावर हसल्या. पुढे जे घडलं त्यात उत्तराला हा आवाज पुनःपुन्हा आठवत राहिला, कारण आत्या हक्कानं बोलल्या ते तेवढंच शेवटचं.

आत्या म्हणजे उत्तराच्या सासूबाई. सासूला आत्या म्हणायची रीत मिरजेकडे अजून टिकून आहे. उत्तराचा नवरा जहाजावर, त्यामुळे घरात या दोघीच. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हा आत्यांचा हात वाचला, पाय वाचला, बुद्धी तर लख्ख राहिली. फक्त वाचा गेली. शब्द डोक्यात तयार व्हायचा आणि तोंडातून नुसता घरघर आवाज यायचा. पाटीवर लिहून लिहून त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते.

मग वाचा केंद्र निघालं. बोलण्याचा हुकूम मेंदूच्या ज्या कोपऱ्यातून सुटतो तिथे केसाहून बारीक तारांची जाळी बसवतात. हुकूम जिभेपर्यंत पोचायची वाट झटक्यानं मोडलेली असते, पण हुकूम सुटायचा थांबलेला नसतो. जाळी तो उगमापाशीच धरते आणि कानामागच्या चकतीतून घरातल्या पेटीकडे पाठवते. पेटी जेवणाच्या डब्याएवढी. हा ‘क’ की ‘ग’, हे ती ओळखते. त्या माणसाच्या मेंदूची खोड ती महिनोन्‌महिने शिकलेली असते. कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द शोभेल, हे अवघड काम मात्र दूर कुठेतरी कंपनीच्या क्लाउडवर होतं. पापणी लवायच्या आत ते सगळं परत येतं आणि बटणाएवढ्या स्पीकरमधून माणूस बोलतो. आत्यांनी तो स्पीकर गळ्यातल्या तुळशीच्या माळेत ओवून घेतला होता. आवाजही त्यांचाच होता. हरतालिकेच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून उचललेला, किंचित सानुनासिक.

तारा आत्यांच्या, पेटी आत्यांच्या घरात, आवाज आत्यांचा. बोलण्याचा परवाना मात्र कंपनीचा. कंपनीने केंद्राला धर्मादाय दरात ठरावीक परवाने दिले होते आणि तारा बसवून, पेटी शिकवून नुसत्या परवान्यासाठी रांगेत थांबलेली माणसं त्याच्या कितीतरी पट होती. त्यामुळे कुणाचा परवाना पडून आहे, कुणाच्या पेटीत आणि क्लाउडवर नोंदी जुळत नाहीत, कुणी परवान्यावाचून बोलतंय का, हे बघायला केंद्रात एक परवाना अधिकारी होता. ती उत्तरा.

वाचा मिळाल्याचा आनंद आत्यांना सोसवेना तेव्हा त्यांनी संकल्प सोडला. जे परत मिळालं तेच पुरुषोत्तमाला द्यायचं. अधिक महिनाभर मौन. तोंडाने तर नाहीच, पेटीनेही नाही. प्रतिपदेला त्यांनी पेटीची वायर काढली, पेटी पुसली, हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यापुढच्या पाटावर ठेवली. देवाला वाहिलेल्या वस्तूत वीज खेळवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज तिच्यापुढे तुपाचं निरांजन लागू लागलं.

उत्तराला नियम माहीत होता. सहा आठवडे परवाना न वापरला तर तो पडीक धरायचा आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यायचा. महिना म्हणजे सहा आठवड्यांच्या आत. तिने मनाशी मोजलं आणि निश्चिंत झाली.

महिना अर्ध्यावर आला असताना केंद्राचे प्रमुख माणगावकर सर तिच्या टेबलापाशी आले. रांग फार वाढलीय, वरून बोलणी बसताहेत, सहाचे तीन आठवडे कर म्हणाले. उत्तराने केले. नियमाची भाषा तिनेच लिहिली, आधीच पडून गेलेले दिवसही धरायचे असंही तिनेच लिहिलं, आणि घरचं मौन न आठवता सही करून ती चहाला गेली. परवान्यांना नावं नसतात, आकडे असतात. नाव दिसलं की अधिकाऱ्याचा हात अडखळतो, म्हणून ती पद्धतही पूर्वी कधीतरी तिनेच सुचवली होती. पडीक परवान्यांना सूचना गेल्या त्या पेट्यांवर. आत्यांची पेटी निरांजनापुढे निजली होती. दुसरी सूचना घरच्या माणसाच्या फोनवर जाते. पण केंद्रभरच्या सूचना उत्तराच्या फोनवर एवढ्या यायच्या की तिने त्यांचा आवाज कधीच बंद करून टाकला होता.

उद्यापनाच्या दिवशी अनारसे झाले, मेहुण जेवून गेलं. आत्यांनी पेटी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि उत्तराकडे दिली. उत्तराने वायर जोडली. आत्यांनी देवाकडे बघितलं, डोळे मिटले, ओठ हलवले.

माळेतून एक परकी, गोड बाई बोलली. "हा परवाना सध्या अन्य लाभार्थीकडे आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत."

त्या वाक्यामागून काय येतं ते उत्तराला पाठ होतं. वाक्य संपलं की पेटी साफ होते. वर्षभर शिकलेलं सगळं पुसलं जातं. तिने झडप घालून वायर उपसली. पाटावरची समई लवंडली, तेल फरशीवर पसरलं.

आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कोपऱ्यातून जुनी पाटी आणली आणि लिहिलं, "कोण होती ती?"

*

"हे बघ," माणगावकर सर म्हणाले, "नियम चांगला आहे. तुझाच आहे."

"सर, त्या मौनात होत्या. व्रत होतं."

"व्रताला रकाना आहे का आपल्याकडे? आजारपणाला आहे. परगावी जाण्याला आहे. ठेव ना तू तेव्हाच व्रताचा रकाना. कुणी अडवलं होतं?"

"मग आता?"

"आता रांग. आत्याबाईंचं नाव घाल रांगेत. दोन-तीन वर्षांत येईल नंबर." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि पेटी साफ झाल्याची पोच आलेली नाही म्हणे अजून. बघून घे तेवढं."

"वायरीत बिघाड आहे. बघते."

खोटं बोलायची उत्तराची ती पहिली वेळ, आणि ते इतकं सहज आलं की तिलाच नवल वाटलं.

आत्यांचा परवाना कुणाला गेला ते तिने शोधून काढलं. आप्पा हेरवाडे, मळ्यातलं घर, मिरजेबाहेर. नव्या लाभार्थीची घरी जाऊन पडताळणी करायची असतेच; ती दुसऱ्या दिवशी गेली.

लांबूनच आवाज ऐकू आला. खणखणीत, तरण्या बैलासारखा.

"कुठं उलथलीस गं? पाणी मागून तास झाला! मुकी झालीस का काय आता तू? मी मुका पडलो तर मजा घेतलीस ना दोन वर्षं? घेतलीस ना?"

आप्पा पलंगावर लोडाला टेकून बसले होते. हात लुळे, मान ताठ. उत्तराला बघून आवाज लोण्यासारखा झाला. "या, या बाई. देवमाणसं तुम्ही. दोन वर्षं नुसता मनात बोलत होतो. एकेक शब्द साठवून ठेवला होता बघा."

त्यांची बायको कस्तुरी पाण्याचा तांब्या-पेला घेऊन आली. पेला हातातून थोडा हिंदकळला आणि साठवलेल्यांतले काही शब्द तिथेच बाहेर पडले. तिच्या माहेरावरून, तिच्या न झालेल्या मुलांवरून. क्लाउड प्रत्येक शब्दापुढे शोभेल असा शब्द बिनचूक देत होता. कस्तुरीने पदराने पाणी टिपलं.

पडताळणीत आकडे उत्कृष्ट निघाले. जागेपणी जवळजवळ अखंड वापर. केंद्रात एवढा वापर कुणाचा नव्हता.

फाटकापर्यंत कस्तुरी सोडायला आली. कडी लावता लावता म्हणाली, "ताई, एक विचारू? हे परत घेता येतं का हो?"

"कारण लागतं."

"कारण ऐकलंत की तुम्ही आत."

उत्तराने माणगावकर सरांना फोन करून नेमकं तेच विचारलं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत.

"परवाना काढायचा तर वापर नसावा लागतो, उत्तरा. शिवी हा वापर आहे."

*

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढे बसली आणि पेटीचं झाकण उघडलं.

पेटीला क्लाउडचा आधार नसला तरी ती काही दिवस एकटी बोलू शकते. खेड्यात नेट जातं, वीज जाते, म्हणून कंपनीने तशी सोय ठेवली होती. बोलणं जरा अडखळतं, एवढंच. ते काही दिवस संपले की पेटी गप्प होते. म्हणजे पेटीला तारीख कळली नाही तर ती दिवस मोजणार नाही. उत्तराने नेटची तार कापली आणि पेटीच्या घड्याळात अधिक श्रावणातला पहिला दिवस घातला. रोज पहाटे घड्याळ पुन्हा त्याच दिवसावर येईल असंही करून ठेवलं. ज्या लबाड्या पकडायला केंद्र तिला पगार देत होतं त्यांतली ही अगदी बाळबोध लबाडी. बाहेर निज श्रावण सुरू झाला होता. पेटीत अधिक महिना कायमचा थांबला.

"आत्या," ती म्हणाली, "बोलून बघा."

"रा... राम," माळ म्हणाली. मग जरा थांबून, "उत्तरा. परत दिली का गं त्यांनी?"

"दिली."

"अशी अडखळती का मग?"

"परवाना नवीन आहे. फक्त घरातच बोलायचं सध्या. बाहेर गेलात तर पाटी न्यायची."

"का?"

"तसा नियम आहे."

आत्यांनी नियम मानला. वर्षानुवर्षं चतुर्थ्या, एकादश्या, एकभुक्त पाळणारी बाई. नियमाला का विचारायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी त्या स्वयंपाक करताना बोलल्या, तुळशीला पाणी घालताना बोलल्या, आणि दुपारी वाती वळता वळता उत्तराला तिच्या लग्नातल्या अशा गोष्टी सांगितल्या ज्या झटक्याआधीही कधी सांगितल्या नव्हत्या. उत्तराचे वडील मुलगी देताना रडले नाहीत म्हणून आपण त्यांना दगड समजलो होतो, मग ते मांडवामागे उलट्या करताना दिसले, वगैरे. उत्तरा हसली. रडलीही थोडी. हे चुकीचं असेल तर देवाला बरोबर काय वाटतं, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते तिथेच दाबलं.

पुढच्या गुरुवारी मगदूम आले.

तात्या मगदूम वाचा केंद्राच्या वर्गात आत्यांच्या शेजारी बसायचे. उभा जन्म मिरज स्टँडवर एसटीच्या गाड्या पुकारण्यात गेला आणि म्हातारपणी झटक्याने आवाज नेला. बायको गेलेली, मूल नाही, एकटे राहत. पेटी मिळाल्यापासून ते सगळं आयुष्य फलाटावरूनच बोलत.

"मिरजेहून अनारशांकडे जाणारी जलद गाडी," ते दारातून म्हणाले, "फलाटाला लागलेली आहे. प्रवाशांनी पळापळ करू नये."

"गाडी चुकली तुमची!" आत्या आतून बोलल्या. "अनारसे संपले महिन्याबरोबर. पोहे खावा."

उत्तरा स्वयंपाकघरात होती. तिच्या हातातली कढई तशीच राहिली. मगदूमही चपापले. आत्यांचा परवाना गेल्याचं वर्गात सगळ्यांना कळलं होतं. त्यांनी उत्तराकडे बघितलं, आत्यांकडे बघितलं, आणि एक अक्षर विचारलं नाही. तासभर दोघं बोलत बसले. कोण कशाने गेलं, कुणाची सून कशी आहे, केंद्रातल्या शिकवणाऱ्या पोरीचे उच्चार कसे भयंकर आहेत. जाताना मगदूम उंबऱ्यात थांबून म्हणाले, "आत्याबाई, फार बरं वाटलं. घरात आपलाच आवाज ऐकून ऐकून कंटाळतो माणूस."

त्यांच्या खिशात त्यांची छोटी जोडपेटी होती, घराबाहेर बोलता यावं म्हणून केंद्र देतं ती. या पेट्या एकमेकींना ऐकतात. आजूबाजूला एखादी जाळी बोलत असेल आणि तिचा परवाना क्लाउडवर सापडत नसेल, तर ती गोष्ट पेटी मुकाट्याने वर कळवते. मगदुमांना हे माहीत नव्हतं. उत्तराला माहीत होतं. मगदूम गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा तिला आठवलं.

*

कंपनीच्या करारात एक कलम होतं. परवान्यावाचून बोलणारी पेटी आढळली तर ती हाती लागेपर्यंत त्या केंद्राचे सगळे परवाने थांबवायचे. सही करताना सगळे हसले होते. आपल्याकडे कोण करणार असलं, म्हणून.

शुक्रवारी सकाळी कंपनीने पेट्यांना बंदीचा हुकूम पाठवला आणि केंद्राखालचे सगळे आवाज बंद पडले. मिरज, सांगली, जत, कवठे. जिथे जिथे पेटी होती तिथे. गल्लीतून चालताना खिडक्यांतून वाटीवर चमचा आपटल्याचे आवाज येऊ लागले. माणसं घरच्यांना बोलवत होती. दुपारी कस्तुरी हेरवाडेचा फोन आला. तिने फोन नुसता खिडकीकडे धरला. चिमण्या ऐकू येत होत्या. मग तिने ठेवून दिला.

अख्ख्या केंद्रात त्या दिवशी एकच पेटी बोलत होती. तिच्यात अधिक महिन्याचा पहिला दिवस होता.

सूचना कुठल्या पेटीने पाठवली ते कंपनीने कळवलं. चौकशीला जायचं काम परवाना अधिकाऱ्याचं.

मगदुमांनी दार उघडलं, खुर्ची पुढे केली. उत्तराने नियमाप्रमाणे विचारलं, गुरुवारी तुम्ही कुठे होता, कुणाच्या सहवासात होता. तिचा आवाज स्थिर होता. मगदुमांनी पाटी घेतली. त्यांचं अक्षर मोठं, फळ्यावर लिहिल्यासारखं.

"देवळात. गर्दी होती. कोण ते सांगता येणार नाही."

"तात्या..."

त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. "आत्याबाईंना सांग, पोहे चांगले झाले होते." तेही पुसून टाकलं.

उत्तराने अहवालात देऊळ लिहिलं. गर्दी लिहिली. घरी येताना तिने आत्यांसाठी शेवंतीच्या वेण्या घेतल्या.

शनिवार गेला. रविवारी दुपारी मगदुमांच्या घराच्या दाराखालून पाणी वाहत बाहेर आलं म्हणून शेजाऱ्यांनी दार फोडलं. ते न्हाणीघरात पडले होते. पाय मोडलेला, कपाळ फुटलेलं, नळ चालू. डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या कुणी आलं असतं तर चहा पीत बसले असते आत्ता. पण रक्त हळूहळू जात राहिलं. भिंतीला लागून शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर होतं. त्या बाईने सांगितलं, सकाळी कधीतरी भिंतीवर थापा ऐकू आल्या होत्या. वाटलं, नळाचं काम काढलंय.

माणगावकर सरांनी उत्तराला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण बघ, त्याच्याच पेटीने कळवलं होतं. एकटा राहायचा. एखादी जुनी पेटी घरात लपवलेली असू शकते. असू शकते की नाही?"

उत्तराने हातातली अहवालाची फाइल मिटली.

"आज-उद्या त्याच्या घरात अशी पेटी सापडली, तर कंपनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना आवाज देईल. मेलेल्या माणसाला कोण शिक्षा करणार? आणि जिवंत माणसाचं नाव आलं तर? जन्मभर बंदी. नोकरी, खटला. तारा डोक्यात राहतील, पण त्यांना पुन्हा पेटी मिळणार नाही. कधीच." त्यांनी चष्मा पुसला. "मी तुझ्याकडे बघून बोलत नाहीये."

ते खिडकीकडे बघत होते.

*

आत्या ओसरीवर वाट बघत बसल्या होत्या. मगदुमांची बातमी त्यांना शेजारणीकडून कळली होती. उत्तरा चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "सगळ्यांची वा... वाचा बंद. मग माझी कशी चालू?"

आता खोटं सहज आलं नाही. उत्तरा खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. सहाचे तीन आठवडे, सही, चहा. आप्पा हेरवाडे. पेटीचं घड्याळ. खिशातल्या पेट्या कशा ऐकतात ते. मगदुमांनी पाटीवर काय लिहिलं आणि काय पुसलं ते. शेवटी माणगावकर सर काय म्हणाले तेही.

आत्यांनी गळ्यातली माळ बोटांत धरली.

"म्हणजे मी त्यांना पोहे खावा म्हणाले," त्या म्हणाल्या, "आणि त्या चार शब्दांनी..."

"तुमचा काय दोष, आत्या? तुम्हाला माहीत नव्हतं."

"तुला होतं."

"हो."

"पेटी त्यांच्या घरात नेऊन ठेवणार आहेस?"

उत्तराच्या मनात ते येऊन गेलं होतं. केंद्रापासून घरापर्यंत तिने तेवढाच एक विचार केला होता. मगदुमांच्या घराची किल्ली शेजाऱ्यांकडे होती. परवाना अधिकाऱ्याला ती कुणी नाकारली नसती. तिने मान खाली घातली. आत्यांना तेवढं पुरलं.

"त्यांनी माझं नाव पाटीवरनं पुसलं," आत्या म्हणाल्या. "आणि तू त्यांचं नाव चोरात लिहिणार? एकट्या माणसाचं? ज्याच्या मागं रडायला कुणी न्हाई त्याचं?"

"आत्या, मी खरं सांगितलं तर तुमची वाचा कायमची जाते. पुसून टाकतील. पुन्हा रांगेतही घेणार नाहीत."

"पेटी त्यांच्या घरात सापडली तर राहती का?"

"नाही. पेटी द्यावीच लागेल."

"मग मला कशाला भीती घालतीस? स्वतःसाठी भितीस ते सरळ म्हण की."

उत्तराला रडू फुटलं. आत्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्या तिचं रडणं ओसरायची वाट बघत बसल्या. बाहेर कुणीतरी वाटीवर चमचा आपटत होतं. कुणीतरी आतून ‘आले, आले’ म्हणत गेलं.

"शब्द दे," आत्या म्हणाल्या. "उद्या जाशील. लिहून देऊन परत यायचं न्हाई. सगळ्यांसमोर, आपल्या तोंडानं सांगायचं. कुणी केलं, कुणासाठी केलं, मगदूम कशानं मेले. ते तोंड तुझं अजून चालतंय."

"देते शब्द."

"नीट दे."

उत्तराने त्यांच्या पायाला हात लावला. "उद्या जाईन. तोंडानं सांगेन. तात्यांचं नाव येऊ देणार नाही."

आत्या उठल्या. देव्हाऱ्यापुढे गेल्या, पाठमोऱ्याच राहिल्या.

"आता मी तुला माफ केलं म्हणायला पाहिजे," त्या म्हणाल्या. अडखळत नव्हत्या, पेटीला एवढी वाक्यं आता नीट जमायला लागली होती. "जाणार आहे आवाज, तर सून म्हणेल, तेवढं एक बोलून गेली असती म्हातारी. वाट बघत असशील."

उत्तरा वाट बघत होती.

"न्हाई म्हणणार. खोटं बोलायला मी हा आवाज मागितला नव्हता."

त्यांनी वाकून स्वतःच वायर काढली.

*

सकाळी आत्यांची अंघोळ, पूजा नेहमीच्या वेळेला झाली. त्यांनी भाकरी थापल्या, एक उत्तराच्या ताटात वाढली आणि समोर बसून ती पुरी खाईपर्यंत उठू दिलं नाही. पाटीला हात लावला नाही.

उत्तराने पेटी पिशवीत घातली. शेजारच्या कमळाबाईंना हाक मारून म्हणाली, "काकू, जरा आत्यांजवळ येऊन बसता? मी येईपर्यंत उठू नका. त्यांना हाक मारता येत नाही."

"बसते की. पण एवढ्या लवकर कुठं निघालीस? केंद्र उघडलं तरी असंल का?"

"उघडायच्या वेळेला सगळे दाराशी असतात," उत्तरा म्हणाली. "तेव्हाच सांगायचंय."

"काय गं?"

उत्तराने एकदा आत बघितलं. आत्या वाती वळत होत्या. मान वर झाली नाही. तिने पिशवी छातीशी धरली, पायऱ्या उतरली आणि केंद्राच्या रस्त्याला लागली.